सभागृहातला प्रश्न कोणाचा?



खानदेशच्या उन्हात दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला संध्याकाळी मोकळ्या पटांगणात बसवावे आणि वाऱ्याची झुळूक यावयाच्या वेळी त्याला अंदाजपत्रक, पुरवणी मागण्या व तारांकित प्रश्न ऐकवावेत, हा तसा अन्यायच आहे. वसंत व्याख्यानमालेत वसंत असावा, निदान एखादा कवी तरी असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही व्याख्यानांची प्रथा सुरू केली, त्यांना सरकारी जमाखर्चाचे केवढे वेड होते हे आपण जाणताच. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून ते सरकारला जे प्रश्न विचारीत, ते बहुतेक पैशाचेच असत: सारा किती घेतला, खर्च कशावर केला, रयतेच्या पदरात काय पडले. सरकारचा संशय अंगावर आल्यावर १८७९ साली त्यांची बदली झाली ती आपल्या शेजारच्या धुळ्यासच. तेव्हा आजच्या विषयाला खानदेशात जागा मागण्याचा थोडासा हक्क आहे, असे समजून आम्ही पुढे जातो.

विधानसभेतील प्रश्नोत्तरांची यादी आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांखालून घातली असेल? ती वाचावयास अवघड नाही. उलट एकदा चाल कळली की मजाच येते. तिची एक ठरीव घडण असते. सभासद विचारतो: (१) अमुक तालुक्यातील अमुक गावच्या पाणीपुरवठा योजनेचे काम निकृष्ट झाल्याची तक्रार ग्रामस्थांनी केली, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि मंत्रिमहोदयांकडून उत्तर येते: (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही! ज्या बाईच्या डोक्यावर रोज सकाळी दोन हंडे असतात, तिच्यापुढे तो रोज सकाळी उद्भवतो. पण सरकारी मराठीत तो उद्भवत नाही, कारण पहिल्या कलमाला ‘नाही’ म्हटले की खालची तिन्ही कलमे आपोआप गळून पडतात. याखेरीज आणखीही तयार उत्तरे आहेत. ‘अंशतः खरे आहे’ हे एक. यातला खरा अंश कोणता आणि खोटा कोणता हे शोधण्याचे काम वाचणाऱ्याचे. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे दुसरे. ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ हे तिसरे, आणि ते सर्वांत दीर्घायुषी.

हे उत्तर कोठे तयार होते हेही पाहण्यासारखे आहे. आपली समजूत अशी की मंत्री उभा राहतो आणि बोलतो. प्रत्यक्षात सभासदाने कित्येक दिवस आधी दिलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालय तपासते, नियमात बसला तर स्वीकारते, मग तो मंत्रालयातील संबंधित खात्यात जातो, तेथून जिल्ह्याच्या कार्यालयात, तेथून तालुक्याला, आणि अखेर तो अशा एका टेबलावर येऊन टेकतो की ज्याच्याविषयी तक्रार होती. त्या टेबलावर बसलेल्या गृहस्थाला आपल्याच कामाविषयी ‘हे खरे आहे काय?’ असे विचारले जाते. तो काय लिहिणार हे सांगावयास ज्योतिषी नको. त्याचे लिहिणे मग एकेक सही घेत पुन्हा वर चढते आणि मंत्र्याच्या मुखातून सभागृहात प्रकट होते. म्हणून आम्ही म्हणतो की छापील उत्तर हे उत्तर नव्हेच. ती केवळ सुरुवात आहे. खरा कस लागतो तो उपप्रश्नाला. मंत्र्याने ‘खरे नाही’ म्हटल्यावर सभासद उभा राहून विचारतो, ‘चौकशीला कोण गेले होते, कोणत्या तारखेला गेले होते, आणि त्या दिवशी टाकीत पाणी होते काय?’ याचे उत्तर टेबलावरून आलेले नसते. तेथे मंत्र्याला आपले खाते ठाऊक आहे की नाही, आणि सभासदाला आपला तालुका ठाऊक आहे की नाही, हे दोन्ही एकाच क्षणी उघडे पडते.

हा उपप्रश्नाचा हक्क आपल्याला कोणी सहज दिलेला नाही. १८६१ च्या कायद्याने जी कायदे कौन्सिले निघाली, त्यांत सभासदाला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती मिळाली, पण मूळ प्रश्नावर दुसरा प्रश्न विचारावयाचा नाही. दिलेले उत्तर घ्यावे आणि बसावे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली, आणि १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. एवढ्या एका पायरीला सत्तावीस वर्षे लागली. मधल्या काळात ज्यांना विचारता येत नव्हते त्यांनी भाषणांतून विचारले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेशासकट सारा मुलूख होरपळून निघाला असता सरकारच्या तिजोरीत मात्र शिल्लक दाखविली जात होती. गोपाळराव गोखल्यांनी १९०२ साली मध्यवर्ती कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना नेमके तेथे बोट ठेवले: रयत उपाशी असताना तुमची शिल्लक कसली? तुमच्या कराचे माप मोठे आहे एवढाच तिचा अर्थ. तो खरे म्हणजे एक लांबलेला प्रश्नच होता.

पण आम्हांला त्याहूनही अधिक आवडतो तो हिंदुस्थानातल्या कौन्सिलातला अगदी पहिला प्रश्न. तो १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला गेला. विचारणारे होते अयोध्या प्रांतातल्या भिनगा संस्थानचे राजे. एखाद्याला वाटेल की पहिलाच प्रश्न म्हणजे राज्यकारभाराच्या मूलतत्त्वांविषयी असेल. तसे काही नाही. प्रश्न असा होता की, दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अंमलदारांच्या सरबराईसाठी जो शिधा पुरवावा लागतो, त्यापायी खेड्यातल्या दुकानदारांना जो त्रास होतो, त्याचे काय? म्हणजे साहेब दौऱ्यावर आला की वाण्याचे तूप, कोंबडी, गवत आणि लाकूडफाटा कोणाच्या खर्चाने जातो? हा प्रश्न, श्रोतेहो, आपण लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

स्वराज्य आल्यावर प्रश्नाला धार आली. तिचे सर्वांत ठळक उदाहरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळ नुकतेच सरकारी झाले होते. त्याने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले. लोकसभेत यावर प्रश्न आला. उत्तर मोघम मिळाले. फिरोज गांधी हे सरकार पक्षाचेच सभासद. पण उत्तर मोघम आहे म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी भावांचे आकडे जमविले, तारखा जमविल्या आणि चर्चा घडवून आणली. न्यायमूर्ती छागलांची चौकशी नेमली गेली. ती मुंबईत उघड्यावर चालली आणि ऐकावयास लोकांनी गर्दी केली. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पंतप्रधानांच्या पक्षातील, किंबहुना त्यांच्या घरातील माणसाने त्यांच्याच मंत्र्याला विचारलेला प्रश्न होता तो.

यातला एक योगायोग सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. त्याच्या सहा-सात वर्षे आधी, १९५१ साली, मुंबईचे एक सभासद एच. जी. मुद्गल यांच्यावर असा आरोप आला होता की, त्यांनी मुंबईतील सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या सोयीचे प्रश्न विचारले व दुरुस्त्या सुचविल्या. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला. समितीने आरोप खरा धरला आणि मुद्गलांनी राजीनामा दिला. त्या समितीचे अध्यक्ष कोण? टी. टी. कृष्णम्माचारी! प्रश्न विकणाऱ्याचा न्याय करणारा गृहस्थ पुढे न विकलेल्या प्रश्नाने घरी गेला.

आता खानदेशाकडे येऊ. सभागृहाच्या कामात आपल्या या दोन जिल्ह्यांचे स्थान लहान नाही. विधानसभेचे अध्यक्ष म्हणून १९९० ते १९९५ खिरोद्याचे मधुकरराव चौधरी बसले आणि १९९९ ते २००४ चोपड्याचे अरुणभाई गुजराथी बसले. प्रश्न स्वीकारावा की नाही, उपप्रश्न किती होऊ द्यावेत, मंत्री टाळाटाळ करू लागला तर त्याला थांबवावे की सांभाळून घ्यावे, हे सारे अध्यक्षाच्या हाती असते. ते काम दोनदा जळगाव जिल्ह्याकडे आले. २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेत्याची जागा मुक्ताईनगरच्या एकनाथराव खडशांकडे होती. पाटबंधाऱ्यांच्या खर्चाचा वाद त्याच काळातला. तो पेटला तो सरकारच्याच आर्थिक पाहणीतील दोन आकड्यांवरून: पिकांखालील क्षेत्रापैकी ओलिताचे क्षेत्र २०००-०१ साली १७.८ टक्के होते आणि २००९-१० साली १७.९ टक्के. मधल्या दशकात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्ची पडले होते. या दशांश टक्क्याने राज्य हादरले, उपमुख्यमंत्र्यांनी २०१२ च्या सप्टेंबरात राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली आणि माधवराव चितळ्यांची समिती बसली. श्वेतपत्रिकेने ओलिताचा हिशेब निराळा मांडला हेही सांगितले पाहिजे. पण ती काढावी लागली, हे प्रश्नाचे बळ होते. २०१४ साली खडसे महसूलमंत्री झाले आणि विचारणारा उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला. सभागृहात असेच चालावयाचे.

ही झाली अभिमानाची बाजू. दुसरी सांगावयाची तर आवाज थोडा खाली येतो, पण सांगितली पाहिजे. २००५ च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर काही चित्रफिती दाखविण्यात आल्या. वार्ताहरांनी एका अस्तित्वातच नसलेल्या संघटनेचे प्रतिनिधी म्हणून खासदारांकडे जाऊन, संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे देऊ केले होते, आणि ते घेतले गेले होते. रक्कम काय? १५ हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंत. त्यांनी रचलेल्या प्रश्नांपैकी एकात तर रेल्वेच्या इंजिनाला एका इंग्रजी कादंबरीतल्या पात्राचे नाव दिलेले होते. म्हणजे पैसे देणाऱ्याने थट्टा केली आणि घेणाऱ्याने ती वाचलीही नाही. १२ डिसेंबरला हे प्रकाशात आले आणि २३ डिसेंबरला ११ खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचे. त्या दहांपैकी दोघे आपल्या एकाच जिल्ह्याचे होते: जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. घाई झाली, एवढी मोठी शिक्षा नको होती, असे म्हणणारे तेव्हा संसदेतही होते आणि त्यांच्या पक्षाने सभात्यागही केला. परंतु २००७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने संसदेचा हा अधिकार मान्य केला. पुढे, ४ मार्च २०२४ रोजी, मुख्य न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरविले की, सभागृहातील मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला सभासदत्वाच्या विशेषाधिकाराचा आडोसा घेता येणार नाही. १९९८ च्या निकालाने तो आडोसा काही अंशी दिला होता. तो आता राहिला नाही.

त्या दोघांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला छळतो तो निराळाच विचार. या जिल्ह्यात त्या वर्षी कापसाच्या भावाचे प्रश्न होते, केळीच्या वाहतुकीचे होते, गिरणेच्या पाण्याचे होते. त्या प्रश्नांना गिऱ्हाईक नव्हते. ज्या संघटनेला पत्ताच नव्हता तिच्या प्रश्नाला मात्र वाट मिळाली. सभासदाच्या हातातील प्रश्नांची संख्या नियमाने मर्यादित असते, म्हणून एक विकाऊ प्रश्न आत गेला की एक खरा प्रश्न बाहेर राहतो. नुकसान तिजोरीचे झाले नाही. झाले ते जळगावच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे. आणि त्याला ते कधी कळलेही नाही.

यानंतर वीस वर्षांनी धुळ्याची गोष्ट. प्रश्न विचारण्याचे काम सभागृहात एका तासात आटोपत नाही, म्हणून विधिमंडळाने समित्या नेमलेल्या असतात. लोकलेखा समिती महालेखापालांच्या अहवालावरून झालेला खर्च तपासते. अंदाज समिती खात्यांच्या अंदाजांत काटकसर कोठे होईल ते पाहते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेली वचने टिपून ठेवते. ‘तपासून कार्यवाही करू’ असे मंत्री म्हणाला की ते तिच्या वहीत जाते. पंचायती राज समिती जिल्हा परिषदांचा कारभार पाहावयास गावोगाव फिरते. कल्पना फार चांगली आहे. सभागृहातल्या गोंगाटाऐवजी येथे कागद पुढे घेऊन शांतपणे बसता येते. पक्षाचा फडका बाजूला ठेवून अधिकाऱ्याला विचारता येते की बाबा, हा रस्ता कागदावर आहे तो जमिनीवर कोठे आहे, ते आम्हांला गाडीत बसवून दाखव.

२०२५ च्या मे महिन्यात अशी अंदाज समिती धुळ्यास आली होती. २१ मेच्या रात्री शहरातील गुलमोहर शासकीय विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलीबाहेर माजी आमदार अनिल गोटे ठाण मांडून बसले आणि आत पैसा आहे, खोली उघडा, असे म्हणू लागले. खोली उघडण्यात आली तेव्हा आत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. खोली समितीच्या अध्यक्षांच्या स्वीय साहाय्यकाच्या नावावर होती. ही रक्कम समितीच्या सभासदांसाठी अधिकारी व ठेकेदारांकडून गोळा केलेली आहे, असा गोट्यांचा आरोप होता. समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांनी आपला काही संबंध नसल्याचे सांगितले. मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे आणि हे व्याख्यानाचे पटांगण न्यायालय नव्हे. तेव्हा पैसा कोणाचा आणि कोणासाठी, यावर आम्ही येथे एक अक्षरही जास्त बोलणार नाही. पण भिनग्याच्या राजांचा प्रश्न आपल्याला आठवत असेल. दौऱ्यावर आलेल्यांची सरबराई कोणाच्या खर्चाने होते? १८९३ साली तो अंमलदारांविषयी होता. मधल्या काळात अंमलदारांवर देखरेख ठेवण्यासाठी आपण सभासद निवडले, सभासदांच्या समित्या केल्या, समित्यांना दौरे दिले. आणि प्रश्न फिरून त्यांच्याच दाराशी येऊन बसला. समिती येणार म्हटले की तालुक्याच्या कचेरीत कोणाच्या कपाळाला आठ्या पडतात आणि कोणाच्या खिशाला हात लागतो, याची कुजबुज आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तेथे सापडलेला पैसा समितीचा असो वा नसो, ‘असू शकेल’ असे जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना ऐकताक्षणी वाटले, हेच आम्हांला अधिक गंभीर वाटते. तपासणाराविषयी ही समजूत रुजली की तपासला गेलेला त्याला उत्तर देत नाही, किंमत विचारतो.

येथे एक गृहस्थ मागे हात वर करीत आहेत; त्यांना आम्ही विनंती करतो की थोडे थांबावे, शेवटी वेळ ठेवलेला आहे.

आता आपल्या आजच्या परिस्थितीचा एक हिशेब करू. तो राजकारणाचा नाही, बेरीज-वजाबाकीचा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत जळगाव जिल्ह्याच्या ११ पैकी ११ आणि धुळे जिल्ह्याच्या ५ पैकी ५ जागा सत्तारूढ युतीला मिळाल्या. मतदारांनी दिल्या, त्यांचा तो अधिकार. त्या वर्षीच्या डिसेंबरात मंत्रिमंडळ झाले त्यात या १६ जणांपैकी चौघे मंत्री झाले: गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि जयकुमार रावल. मंत्री प्रश्न विचारीत नाही, उत्तर देतो. राहिले १२. ते बाराही सरकार पक्षाचे. राज्याच्या सभागृहातही २८८ पैकी २९ जागा मिळविलेला विरोधी पक्ष एकही नव्हता, आणि २०२५ मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामी राहिली. अशा वेळी खानदेशाच्या पाण्याविषयी, रस्त्यांविषयी, ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागांविषयी विधानसभेत विचारावयाचे कोणी? आपल्याकडे अशी एक समजूत आहे की सरकार पक्षाच्या आमदाराने प्रश्न विचारणे म्हणजे घरातले भांडण चव्हाट्यावर आणणे. त्याने मंत्र्याच्या दालनात जावे, काम करून घ्यावे, हार घालून परत यावे. फिरोज गांधींची गोष्ट आम्ही एवढी लांबवून सांगितली ती याचसाठी. दालनात झालेल्या कामाची नोंद कोठे राहत नाही. ते नाही झाले तरी नोंद राहत नाही.

चांगला प्रश्न कसा असतो, ते एका उदाहरणावरून पाहू. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसरे येथे निम्न तापी प्रकल्पाचे धरण आहे. १९९७-९८ च्या सुमारास त्याची मूळ किंमत सुमारे १४२ कोटी रुपये धरली होती. २०२३ मध्ये चौथ्यांदा सुधारलेली मान्यता मिळाली तेव्हा ती सुमारे ४,८९० कोटींवर गेली होती, आणि धरण तेव्हाही पुरे झालेले नव्हते. चौतीस पट! याविषयी दोन तऱ्हांनी विचारता येते. एक तऱ्हा अशी: ‘पाडळसरे धरण रखडल्याने शेतकऱ्यांत तीव्र असंतोष पसरला आहे, हे खरे आहे काय?’ याचे उत्तर ‘हे खरे नाही’ असे एका ओळीत देता येते, कारण असंतोष मोजण्याचे यंत्र शासनाकडे नाही. दुसरी तऱ्हा अशी: ‘मूळ मान्यतेपासून आजपर्यंत दर वर्षी या प्रकल्पावर किती खर्च झाला, त्यातला भूसंपादनावर किती, बांधकामावर किती, आणि आस्थापनेवर किती, किंमत वाढली ती भाववाढीने किती आणि आराखडा बदलल्याने किती, आजपर्यंत प्रत्यक्ष किती हेक्टर भिजले?’ याला ‘खरे नाही’ म्हणता येत नाही. याला आकडाच द्यावा लागतो, आणि आकडा एकदा छापला गेला की तो पुढच्या मंत्र्यालाही बांधतो. पहिला प्रश्न वर्तमानपत्रात दिसतो. दुसरा दिसत नाही, पण टिकतो. आमदारांचे कार्यकर्ते कात्रणे चिकटवून ठेवतात ती पहिल्या प्रकारच्या प्रश्नांची. आपण मते देताना वाचतो तीही तीच.

अंदाजपत्रकाविषयी थोडे सांगून आम्ही थांबणार आहोत. खरे म्हणजे तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देऊन चर्चा करता येते, पण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेवाचून एकदम मताला टाकल्या जातात. नंतर वर्षभर पुरवणी मागण्या येत राहतात. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात त्या सुमारे ९४ हजार ८८९ कोटींच्या होत्या. महालेखापालांचे अहवाल तर बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात, सभासदांच्या सामानाची बांधाबांध चालू असताना.

मध्यंतरी अमळनेरच्या बसस्थानकावर एका वयस्क आप्पांशी बोलणे निघाले. आम्ही त्यांना मोठ्या उत्साहाने तारांकित प्रश्न म्हणजे काय ते समजावून दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘हे बरं आहे भाऊ. पण आमच्या आमदाराला आमचा प्रश्न सांगणार कोण? आम्ही त्याला लग्नाची पत्रिका देतो, देवळाची पावती देतो. प्रश्न काही कधी दिला नाही.’ आम्हांला उत्तर सुचले नाही. त्यांची गाडी लागली आणि ते गेले.

ते प्रश्न देता येतात. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ साली आणि देशात २००५ साली झाला. त्या २००५ च्या कायद्यात, माहिती कधी नाकारता येते ते सांगणाऱ्या कलमाला एक परंतुक मुळात जोडलेले होते: जी माहिती संसदेला वा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. खर्चाचे कागद आधी आपण काढावेत, आकडे आपण मांडावेत, आणि तयार प्रश्न चार कलमांत लिहून आमदाराच्या हाती द्यावा. प्रत ठेवावी, तारीख घालावी. अधिवेशनानंतर यादी पाहावी. त्यात आपला प्रश्न नसेल तर पुढच्या वेळी पत्रिका देताना त्याची आठवण करून द्यावी. ज्येष्ठ नागरिकांचे संघ, वाचनालये, महिला मंडळे यांना हे सहज जमण्यासारखे आहे, आणि ही व्याख्यानमाला चालविणाऱ्या मंडळींना तर निश्चितच.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेले आम्ही पाहिले आहे. मघाशी हात वर करणारे गृहस्थ अजून बसलेले दिसतात. त्यांनी आता उभे राहावे. पहिल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही तर उपप्रश्नही विचारावा.